माझ्या उपाशीपणाचं कौतुक करणाऱ्यांसाठी

राग गेला की शांतपणे लिहू, असं मी बरेच महिने ठरवत होते. राग गेला नाही. माझ्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, मग रागातच लिही, निदान गोड गोड तरी लिहिलं जाणार नाही. म्हणून बसले आहे.

मी वैशाली. जळगावला एका शाळेत विज्ञान शिकवते. वडील एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले, त्यांना आम्ही भाऊ म्हणतो. आई घरी शिवणकाम करते. घर बौद्ध, आणि कॉलनीतला विहार आमच्याच गल्लीच्या टोकाला. मला खाण्याचा आजार झाला. बरी होते आहे, पण औषध चालू आहे आणि अधूनमधून धुळ्याला जावं लागतं.

खाण्याचा आजार म्हणजे खादाडपणा नाही, नखरेही नाहीत. ताट समोर आलं की माझं डोकं त्याच्याशी भांडायला लागायचं. त्या भांडणात मी रोज हरत होते आणि रोज जिंकले असं समजत होते. कधी दिवसदिवस काही नाही, कधी एकदम हातात येईल ते, आणि मग त्याची शिक्षा.

एक सांगून ठेवते. माझं वजन किती झालं होतं आणि मी काय काय करत होते, ते मी लिहिणार नाही. आजारी असताना मी असली अनुभवकथनं शोधून शोधून वाचायचे. बरं होण्यासाठी नाही, शिकण्यासाठी. कोणीतरी आपला आकडा लिहिलेला असायचा आणि मला त्याच्या खाली जायचं असायचं. माझ्या लिहिण्यातून कोणाला तसलं काही मिळू नये.

कारण विचारू नका

आजार कळल्यावर पहिलं काय झालं, तर प्रत्येकाने कारण विचारलं. आत्याच्या मते मला बघायला आलेल्या भुसावळच्या पाहुण्यांनी "मुलगी अंगाने जरा भरलेली आहे" असं कळवलं, तेच कारण. आईच्या मते मोबाइल. भाऊंच्या मते अति अभ्यास. मला खरंच माहीत नाही. पाहुणे तसं म्हणाले हे खरं, मला लागलं हेही खरं, पण तसं तर निम्म्या जळगावातल्या मुलींना कोणी ना कोणी म्हणालंय.

मला माहीत आहे ते एवढंच, की सुरू झाल्यावर ते कोणी वाढवलं.

असोद्याला मामाची शेती आहे. हिवाळ्यात तिथे भरिताचा बेत असतो. शेतातच काड्यांच्या जाळावर वांगी भाजायची, लाकडी बडगीत ठेचायची, वर फोडणी, सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि कांद्याची पात. त्या वर्षी मी गेले तेव्हा बायकांनी मला उभी करून गोल फिरवून बघितलं.

"वैशू, काय करतेस गं तू? मला पण सांग ना," मामी म्हणाली.

"काही नाही मामी, जरा कमी खाते."

"बघा, नोकरी करून करते. आणि आपण," असं म्हणून मामीने स्वतःच्या पोटावर थाप मारली. सगळ्या हसल्या. मामाच्या मुलीने माझा फोटो काढला.

त्या दिवशी मी भरिताला हातही लावला नाही. एवढी माणसं पंगतीला होती, एकाचंही माझ्या पानाकडे लक्ष गेलं नाही. त्यांना दिसली ती कंबर. मी घरी आले ती उपाशी आणि आनंदात. आज त्या आनंदाची आठवण आली की मला मामीला फोन करून ओरडावंसं वाटतं. तिचा काय दोष, असं आई म्हणते. दोष नसेल. ओरडावंसं वाटतं.

माझं शील आहे

पुढच्या आषाढात वर्षावास सुरू झाला. पावसाळ्याचे महिने भिक्खू एका जागी राहतात, तसे आमच्या विहारात एक भंतेजी आले. साठीचे, मूळचे विदर्भातले, आवाज खणखणीत. पौर्णिमेला उपासक-उपासिका अष्टशील, म्हणजे आठ नियम, घेतात. पांढरे कपडे घालायचे, दिवसभर विहारात ध्यान आणि प्रवचन, आणि दुपारी बारानंतर जेवायचं नाही. भिक्खूंना हे रोज असतं, आम्हाला त्या दिवसापुरतं. आमच्याकडे म्हाताऱ्या बायका पण घेतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोटभर पोहे खातात.

मी ते रोज सुरू केलं.

तुम्हाला वाटेल श्रद्धेने केलं. मलाही तसंच वाटत होतं. पण आजार हुशार असतो, त्याला लपायला जागा हवी होती आणि माझ्या घरातली सगळ्यात पवित्र जागा त्याने निवडली. मी डाएट म्हटलं असतं तर आईने भांडून मला जेवायला बसवलं असतं. मी "माझं शील आहे" म्हटलं आणि आईने शेजारच्या काकूंना अभिमानाने सांगितलं. शाळेत कोणाचा वाढदिवस असला की मी म्हणायचे, माझं शील आहे. समोरच्याचा केक धरलेला हात मागे जायचा. अशी ढाल जगात दुसरी नाही. मग दुपारचं जेवणही कमी झालं, पण ते कोण बघणार, संध्याकाळचं सोडलं म्हणून सगळे खूश होते.

भाद्रपद पौर्णिमेच्या प्रवचनात भंतेजींनी माझं नाव घेतलं.

"आजच्या मुलींना हॉटेल सुटत नाही. आपल्या वैशालीताईंकडे बघा. नोकरी सांभाळून रोज विकाल भोजन टाळतात. चेहऱ्यावर केवढं तेज आलंय."

सगळा विहार म्हणाला, साधु, साधु, साधु.

ते तेज नव्हतं. गालांची हाडं वर आली होती. त्या हॉलमध्ये एक निवृत्त मुख्याध्यापिका बसल्या होत्या, एक औषधांच्या दुकानाचे मालक होते, माझी आई होती. सगळ्यांनी हात जोडले होते.

भाऊंचं ताट

केस गळायला लागले. आईने न्हाणीघराच्या जाळीतून गुंता काढला आणि काही न बोलता कागदात गुंडाळून टाकून दिला. पाळी बंद झाली. जळगावच्या मे महिन्यात, जेव्हा रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं, मी दुपारी स्वेटर घालून बसायचे. तेव्हा घरच्यांचे डोळे उघडले. उघडले म्हणजे काय, तर भांडणं सुरू झाली.

एका रविवारी दुपारी भाऊंनी स्वतःच्या हाताने माझं ताट वाढलं. वरण-बट्टी होती, वांग्याची भाजी होती. भाऊ घरात एरवी मराठी बोलतात, रागावले की खान्देशीवर येतात.

"खाय."

"भाऊ, नकोय मला."

"तुनी आजी दुष्काळमा मिलोनी भाकर खाईसन जगनी. ती भाकर ढोरे खात नव्हतात. आते घरमा बठ्ठं शे, आनि तुले नको?"

मिलो म्हणजे दुष्काळात रेशनवर आलेली परदेशातली लाल ज्वारी. मी ताटाकडे बघत बसले. ते चूक बोलत नव्हते. आमच्या घराला भूक माहीत आहे. माझ्या आजीने दुसऱ्यांच्या शेतात राबून, मिळेल ते आणून मुलं जगवली. अशा घरात जन्मून भरलेलं ताट नाकारणं हा गुन्हा आहे, असं मलाही वाटत होतं. पण गुन्हा वाटून हात हलत नाही. लाज वाटली, आणि लाज वाटली की मी आणखी कमी खायचे. भाऊ न जेवता उठून गेले. आईने दोन्ही ताटं उचलली, आणि ती पण जेवली नाही.

आजारी माणसाला त्याच्या पूर्वजांची भूक ऐकवू नका. एवढं एक जरी कोणी या लिखाणातून घेतलं तरी पुरे.

लग्न करून द्या

आई मला जळगावातल्या एका डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी पोट तपासलं, टॉनिक दिलं आणि आईला म्हणाले, "लग्न करून द्या, आपोआप खायला लागेल."

टॉनिक संपलं. मग आई दुसऱ्यांकडे घेऊन गेली, मोठं नाव, चकचकीत दवाखाना. मी हिंमत करून म्हणाले, "सर, मी वाचलंय, असा एक आजार असतो, त्यात माणूस..."

त्यांनी मला पुरतं बोलू दिलं नाही. "गुगल बंद करा मॅडम. ते आजार मोठ्या घरच्या पोरींचे. मॉडेलिंग वगैरे करतात त्यांचे." मग त्यांनी समोरच्या कागदावरचं माझं आडनाव वाचलं. "तुमच्यात तर..."

वाक्य त्यांनी अर्धवट सोडलं. आम्हाला ते पूर्ण ऐकायची गरज पडत नाही. लहानपणापासून ऐकलेलं असतं. तुमच्यात मिळालं तर खातात, तुमच्यात उपाशी राहायचं नाटक कशाला, जे काय असेल ते.

बाहेर आल्यावर आई म्हणाली, "चल, बरं झालं, आजार नाही म्हणाले."

खरं सांगते, मलाही सुटल्यासारखं वाटलं. आजार नाही, म्हणजे मी जे करते ते चालू ठेवता येईल. आता त्या डॉक्टरचा चेहरा आठवला की अजून राग येतो. त्याने माझा अपमान केला, त्याचं मी बघून घेईन. पण माझ्या आजाराला त्याने परवाना दिला, आणि त्या महिन्यांत माझं हृदय कसं चाललं होतं ते नंतर धुळ्याला कळलं.

भंतेजींचा डबा

दुसऱ्या वर्षीच्या वर्षावासाला तेच भंतेजी पुन्हा आले. घरात रोज कटकट चालू होती, आई पाठीमागे ताट घेऊन फिरायची. मी ठरवलं, घरच सोडायचं. श्रामणेरी व्हायचं, म्हणजे दीक्षा घेऊन भिक्खुणींच्या वाटेला लागायचं, चीवर घालायचं. मग आयुष्यभर संध्याकाळी जेव म्हणून कोणी म्हणणार नाही. हे मी स्वतःला असं सांगितलं नव्हतं. स्वतःला मी वैराग्य असं सांगितलं होतं.

शाळेतून सुटल्यावर संध्याकाळी मी विहारात गेले. भंतेजी मागच्या खोलीत होते. दार उघडं होतं. मी आत पाऊल टाकलं आणि थांबले. ते जेवत होते. स्टीलचा डबा, वरण-भात, दुधी भोपळ्याची भाजी.

"या ताई, बसा," ते म्हणाले आणि जेवत राहिले.

मी बसले. मला त्या डब्याचा तिटकारा आला. मी म्हणाले, "भंतेजी, तुम्ही संध्याकाळी जेवता?"

"मला मधुमेह आहे. गोळी घेऊन खाल्लं नाही तर मी इथेच पडेन. एकदा पडलोय. आजारी माणसासाठी तथागतांनी सवलती ठेवल्यात. मी घेतो ती जरा मोठीच आहे, काही भिक्खू नावं ठेवतात. ठेवू देत. तुमचं काय काम होतं?"

मी श्रामणेरी व्हायचं सांगितलं. त्यांनी घास खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. दोन्ही वर्षावासांत ते मला रोज बघत होते, पण बहुतेक पहिल्यांदाच बघितलं.

"कशासाठी?"

"घरात धम्म पाळता येत नाही. रोज जेवणावरून भांडण."

"म्हणजे जेवणासाठी."

"नाही. शीलासाठी."

त्यांनी उठून एक ताटली आणली, त्यात थोडा वरण-भात वाढला आणि माझ्यासमोर ठेवला. "शील मी दिलं होतं, मीच आज मोकळं करतो. एवढं खाऊन दाखवा. मग आपण चीवराचं बोलू."

किती होता तो भात, मूठभर. मी ताटलीकडे बघत राहिले. मी हात पुढे केला, मागे घेतला. मला त्यांच्या अंगावर ती ताटली फेकावीशी वाटत होती. रडायला लागले.

"बेटा," ते म्हणाले, पहिल्यांदाच बेटा म्हणाले, "हे शील नाही. तुला खाता येत नाहीये."

"तुम्हीच कौतुक केलं होतं," मी म्हणाले. ओरडलेच. "सगळ्यांसमोर केलं होतं. तेज म्हणाला होतात."

त्यांनी स्वतःचा डबा बाजूला सारला. मग म्हणाले, "हो. म्हणालो होतो. चुकलं माझं."

त्यांनी तिथूनच भाऊंना फोन लावला. धुळ्याला त्यांच्या ओळखीच्या एका उपासकाची मुलगी मनोविकारतज्ज्ञ होती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने भाऊ, आई आणि मी धुळ्याला निघालो.

नाव मिळालं तो दिवस

डॉक्टर मॅडम माझ्याहून थोड्याच मोठ्या. त्यांनी आई-भाऊंना बाहेर बसवलं आणि मला विचारलं, "वैशाली, तुला जेवायची भीती वाटते का?"

असं कोणीच विचारलं नव्हतं. सगळे विचारायचे, का जेवत नाहीस. मी हो म्हणाले आणि पुढे तासभर बोलत होते.

मग तपासण्या झाल्या. मॅडमनी आई-भाऊंना आत बोलावलं, आजाराचं नाव सांगितलं आणि म्हणाल्या, हिचे ठोके फार हळू पडताहेत, रक्तातले क्षार बिघडलेत, आज घरी नेता येणार नाही. आई भिंतीला टेकली. तिला ते केस आठवले असणार.

भाऊंनी विचारलं, "मॅडम, लोकांना काय सांगायचं?"

"कावीळ झाली असती तर काय सांगितलं असतं?"

"आजारी शे."

"मग तेच सांगा."

मला वाटलं होतं नाव मिळाल्यावर हायसं वाटेल. मला संताप आला. एवढं सोपं होतं. एक प्रश्न, थोड्या तपासण्या, एक नाव. जळगावात दोन डॉक्टरांना ते जमलं नव्हतं.

खीर आणि घोडागाडी

दवाखान्यातले दिवस एकसारखे असतात. ठरलेल्या वेळी थोडं थोडं खायचं, खाताना सिस्टर शेजारी बसणार, खाल्ल्यावर काही वेळ बाथरूमला एकटं जायचं नाही. मोबाइल आईकडे. आरसा झाकलेला. मला कैद्यासारखं वाटायचं आणि मी कैद्यासारखीच वागायचे. एकदा उपम्याची वाटी भिंतीवर मारली. आईने भिंत पुसली आणि सिस्टरने दुसरी वाटी आणली. ती सिस्टर खाताना कधीच खाण्याबद्दल बोलायची नाही. तिच्या स्कूटीच्या तक्रारी सांगायची, चालू होत नाही, मेकॅनिक फसवतो. त्या स्कूटीचं मला फार देणं आहे.

पाहुणे यायचे. त्यातला प्रत्येक जण मला सिद्धार्थाची गोष्ट सांगून गेला. त्यांनी कसे कडक उपास केले, हाडं कशी दिसायला लागली, मग कसं त्यांना कळलं की हा मार्ग नाही, आणि मग त्यांनी खीर खाल्ली. बघ, खुद्द तथागतांनी सोडलं, तू का सोडत नाहीस.

ही गोष्ट मी लहानपणी धम्मवर्गात सांगून बक्षीस मिळवलंय. तिच्यात एक बाई खीर घेऊन येते. ती त्यांना म्हणत नाही की बघा किती वाळलात, आईवडिलांना किती त्रास देताय. ती वाटी पुढे करते आणि जाते. माझे पाहुणे खीर आणत नव्हते, नुसती गोष्टच आणत होते.

माझ्या शेजारच्या खाटेवर ममता भाभी होत्या. दोंडाईचाच्या, कापडाचं मोठं दुकान असलेल्या जैन घरातल्या सून. त्याही याच मॅडमच्या पेशंट. पहिले काही दिवस आम्ही एकमेकींकडे बघितलं नाही. अशा आजारात शेजारणीचं मनगट आधी दिसतं, चेहरा नंतर. एका सकाळी पाहुणे गेल्यावर मी आईला चिडून सांगत होते, की माझ्यासाठी भर विहारात साधु साधु झालं होतं. पलीकडून भाभींचा आवाज आला.

"तुझ्यासाठी नुसतं साधु झालं? माझी तर घोडागाडीतून मिरवणूक काढली. बँड होता."

मी वळून बघितलं. भाभी हसत होत्या. मला हसू आलं, मग आवरेना. आई दोघींकडे वेड्यांकडे बघावं तशी बघत होती.

त्यांच्या धर्मात उपवासाला मोठा मान आहे, लांब उपवास पुरा केला की मिरवणूक निघते, आणि भाभींना तो आजही आहे. "धर्मासाठीच सुरू केलं होतं मी," त्या म्हणायच्या. "मग मध्येच कधीतरी ते दुसऱ्याच कोणासाठी चालू झालं. पारण्याच्या दिवशी सगळे पाया पडत होते आणि मला आतून वाटत होतं, आता सोडायचं नाही. सासूबाईंना सांगितलं, तर म्हणाल्या पुण्यवान आहेस."

त्यानंतर आम्ही दोघी समोरासमोर बसून जेवायला लागलो.

"भाभी, तुम्ही आधी."

"नको, तू लहान आहेस, तू आधी."

"दोघी एकदम घ्या," सिस्टर म्हणायची, "माझी स्कूटी न्यायला मुलगा आलाय खाली."

आणि आम्ही एकदम घास घ्यायचो. वेगवेगळ्या धर्मांत सारखीच फसगत झालेल्या दोन बायका, एकमेकींवर नजर ठेवून वरण-भात चावत होत्या. तसं जेवण मी आयुष्यात केलं नव्हतं. भयंकर होतं ते, आणि मला अजून त्याची आठवण येते.

मी जेवनी

आई माझ्यापाशी राहायची, भाऊ जळगावहून बसने यायचे. आईचा डबा आणायचे, माझ्याशी फारसं बोलायचे नाहीत. एका दुपारी सिस्टर दुसऱ्या पेशंटकडे गेली होती, आई औषधं आणायला. माझ्या ताटात भात तसाच होता. भाऊ आत आले.

"जेवनी का?"

"हो भाऊ. मी जेवले."

ते स्टुलावर बसले. ताटाकडे बघितलंच नाही, माझ्याकडेही नाही.

"मनी माय बी असंच म्हने," ते म्हणाले. "आम्हले वाढी दे, आनि म्हने, मी जेवनी. ती जेवेल नही राहे. मी लहान व्हतो, तरी मले माहीत व्हतं. माहीत व्हतं आनि मी तिना वाटानं खाई टाकू."

मी ताटाकडे बघितलं.

"तू म्हनतीस ना जेवनी, मले तिना आवाज ऐकू येस. म्हनीसन इतला राग येस मले." मग म्हणाले, "ती आम्हनासाठी खोटं बोले. तू कोनासाठी बोलस, बाई?"

त्यांनी आजीचा दुष्काळ मला कितीदा ऐकवला होता. त्या दुष्काळातलं त्यांचं स्वतःचं लहानपण त्या दिवशी पहिल्यांदा ऐकवलं. माझा सगळा राग इतके दिवस त्यांच्यावर रोखलेला होता, तो कुठे ठेवावा कळेना. मी म्हणाले, "भाऊ, नाही जेवले. सिस्टरला बोलवा."

ते उठले, दारापर्यंत गेले, भिंतीकडे तोंड करून उपरण्याने डोळे पुसले आणि मग तिला हाक मारली.

ही जागा

घरी आले तेव्हा वर्षावास संपत आला होता. मी भंतेजींकडे गेले. म्हणाले, "कौतुक तुम्ही सगळ्यांसमोर केलंत. चूकही सगळ्यांसमोर सांगा."

आश्विन पौर्णिमेला विहार भरलेला होता. प्रवचनाच्या मध्येच भंतेजी थांबले. म्हणाले, "मागच्या वर्षी या आसनावरून मी एका मुलीच्या आजाराला शील म्हणालो. तुम्हीही साधु म्हणालात. ते चुकलं. तिला त्याने इजा झाली. आजारी माणसाने शील घेऊन उपाशी राहू नये, आणि कोणी राहत असेल तर तिला हात जोडू नका, दवाखान्यात न्या."

त्यांनी नाव घेतलं नाही. मला सांभाळण्यासाठीच असेल. पण लोक मान हलवत होते, कोण बरं ती मुलगी, अशा चेहऱ्याने, आणि माझ्या शेजारची बाई तर हळहळतही होती. मला ते सहन झालं नाही. मी उभी राहिले. आत्याने माझा पदर ओढला.

"ती मुलगी मी," मी म्हणाले. "तुम्ही सगळे मला रोज बघत होतात. मी उन्हाळ्यात स्वेटर घालून इथे बसायचे. माझे केस गेले, ते तुम्हाला दिसले. एकानेही विचारलं नाही. वर हात जोडलेत. मी मेले असते तर इथेच शोकसभा घेतली असती आणि किती शीलवान होती म्हणून सांगितलं असतं."

विहार समितीचे एक ज्येष्ठ सदस्य उठले. आम्ही त्यांना आबा म्हणतो. "बाई, तुझं दुःख समजतं आम्हाला. पण हे बोलायची ही जागा नाही."

"कौतुकाची होती ना आबा?" मी विचारलं.

आबा खाली बसले. कोणी साधु म्हणालं नाही.

हे करून सगळं छान झालं असं समजू नका. आत्या आमच्याकडे यायची बंद झाली. त्या दिवशी जाताना आईला म्हणाली, आता भर सभेत सांगितलंय वेडाच्या डॉक्टरकडे जाते म्हणून, कोण करेल हिला. कॉलनीतल्या काही जणी मला बघून आता पदराआड कुजबुजतात. दुकानात मी काय घेते ते बघतात. माझ्या ताटावर आता सगळ्यांची नजर आहे, जेव्हा हवी होती तेव्हा नव्हती. आणि मी अजूनही एखाद्या दिवशी हरते. हरले की मॅडमना फोन करून सांगते, एवढाच फरक.

पारोळ्याच्या स्टँडवर

त्या सभेनंतर काही आठवड्यांनी आमच्या दारात भडगावची एक बाई आली. विहारात त्या दिवशी तिची नणंद होती. बाईला बसायला सांगितलं तरी ती उभीच राहिली. म्हणाली, "ताई, माझी मुलगी बारावीला आहे. तिचं तुमच्यासारखंच आहे. आमच्याकडे सगळे म्हणतात, पोरगी किती गुणी, काही मागत नाही."

मी तिला म्हणाले, तुम्ही पारोळ्याला या, मी जळगावहून तिथे उतरते, पुढे धुळ्याला मॅडमकडे एकत्र जाऊ.

त्या दोघी आल्या तेव्हा धुळ्याची गाडी यायची होती. आम्ही स्टँडच्या बाकावर बसलो. मुलीने ओढणी अंगाभोवती घट्ट गुंडाळली होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही, माझ्या मनगटाकडे बघितलं. मला ती नजर ओळखीची होती.

माझी खायची वेळ झाली होती. मी डबा उघडला. आईने पोळी आणि गवारीची भाजी दिली होती. आजूबाजूला माणसं होती, समोर ती होती, आणि मला अजूनही चारचौघांत खायला नको वाटतं. मी घास तोडला. मुलगी बघत होती. तिची आई पुढे झुकून म्हणाली, "बघ, ताई कशा खातात, आणि तू..."

मी हाताने तिला थांबवलं. घास तोंडात घातला, चावला, गिळला.

मुलीने हळूच विचारलं, "तुम्हाला आता भीती नाही वाटत?"

"वाटते," मी म्हणाले आणि दुसरा घास तोडला.

"रोज?"

"रोज."

मी पोळी संपवली, डब्याचं झाकण लावलं. तेवढ्यात गाडी लागली. बाई घाईने पिशव्या उचलायला लागली, माझा डबा खाली पडला, मी तो उचलायला वाकले. वर बघते तर मुलगी गाडीत चढून बसली होती, आणि आम्हा दोघींसाठी शेजारच्या सीटवर ओढणी टाकून जागा धरली होती.